बातमीच्या पिशवीला टॅग कुठे आहे?



तालुक्याच्या कोणत्याही बैठकीला जा, एक प्रश्न हटकून येतो. भावाचा, कर्जाचा, विजेचा विषय संपतो, चहा होतो, आणि उठायच्या वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतो, "भाऊ, निवडणुकीच्या दिवसांत खरा पेपर कोणता धरायचा?" एका पेपरात एकाची लाट असते, दुसऱ्यात दुसऱ्याची. टीव्ही लावला तर चार माणसे एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात. आणि गावात मात्र सगळे टँकरची वाट बघत असतात. आतापर्यंत या प्रश्नावर आम्ही हसून वेळ मारून नेत आलो. यावेळी जिल्ह्याच्या बैठकीसाठी अंक काढताना ठरवले की एकदा सरळ उत्तर द्यायचे.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. बाजू नसलेला पेपर नसतो, आणि बाजू असणे हा गुन्हा नाही. टिळकांच्या 'केसरी'ला बाजू होती. १९२० साली बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला, तीही बाजूच होती. 'सामना' निघाला तो शिवसेनेचा म्हणूनच निघाला, त्यात कुणाची फसवणूक नाही. 'तरुण भारत' कोणत्या विचाराचा आहे हे त्याच्या वाचकाला ठाऊक असते. 'लोकमत' ज्या घराण्याचा आहे त्या दर्डा घराण्यात काँग्रेसचे मंत्री आणि खासदार झाले. 'सकाळ' १९८५ पासून पवार घराण्याकडे आहे. बैलाची शिंगे लांबूनच दिसत असली की माणूस बेताने उभा राहतो. हा पेपर कुणाचा, हे माहीत असलेला वाचक त्यातली बातमी चाळणीतून चाळून घेतो.

आणि तुमच्या हातातले हे पत्रक? तेही एका बाजूचे आहे. कोरडवाहू कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्याची बाजू आम्ही घेतो, तसे पहिल्या पानावर छापतो, आणि त्याबद्दल आम्हाला काही वाटत नाही.

आपल्या बाजूच्या म्हणवणाऱ्या छापखान्यांचाही फार भरवसा धरू नये, हेही इथेच सांगून टाकतो. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याची अवस्था इतक्या उघड शब्दांत त्याआधी मराठीत कुणी मांडली नव्हती. 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचे पत्र, म्हणजे घरचेच. त्याने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापायचे थांबवले. सरकारची भीती वाटली. तेव्हा भीती सरकारची होती, आता सरकारी जाहिरात बंद होण्याची आहे. जिल्ह्याच्या पेपराचा महिना निघतो तो वाचकाच्या चार-पाच रुपयांवर नाही. तो निघतो सरकारी जाहिरातीवर, निविदेच्या नोटिशीवर, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीवर. ज्याच्या दारात रोज भाकरी खायची त्याच्या घरातले भांडण चव्हाट्यावर कोण आणणार?

तर बाजू असण्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे आणि ती समजायला जालन्याच्या माणसाला जास्त वेळ लागू नये.

आपला जिल्हा बियाण्यांचा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको काढली, तेव्हापासून देशभर जालन्याचे बियाणे जाते. इथल्या शेतकऱ्याच्या पोराला पिशवी वाचायला शिकवावी लागत नाही. पायाभूत बियाण्याला पांढरा टॅग, प्रमाणित बियाण्याला निळा. लॉट नंबर बघायचा, उगवणशक्तीचा टक्का बघायचा, तपासणीची तारीख बघायची, कुठवर वापरायचे ते बघायचे. १९६६ चा बियाणे कायदा यासाठीच आहे. पिशवीत काय आहे ते पिशवीवर लिहिलेच पाहिजे. तरीही बोगस बियाणे येतेच, आणि ज्याच्या रानात पऱ्हाटी वाढून बोंड धरत नाही त्याला विचारा बोगस म्हणजे काय. दुकानदार उघड सांगता, "बाबा, हे सरकीतले धान्य आहे, पेरू नको," तर कुणी पेरले नसते. नुकसान होते ते चांगल्या पिशवीत वाईट माल भरून विकल्यामुळे.

पेपरात जाहिरात असते. चौकट असते, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेले असते. ते वाचले की आपण समजतो, उमेदवाराने पैसे दिले आहेत, तो स्वतःची स्तुती करणारच. बातमीला तसे काही लिहिलेले नसते. बातमीचा टॅग म्हणजे वार्ताहराचा शब्द: मी गेलो, पाहिले, विचारले आणि लिहिले. आता जाहिरातीचाच मजकूर, 'जाहिरात' हा शब्द काढून, बातमीच्या मथळ्याखाली आणि 'प्रतिनिधीकडून' अशा ओळीने छापला, तर ते निळ्या टॅगच्या पिशवीत सरकी भरण्यासारखेच झाले. याला 'पेड न्यूज' म्हणतात. विकत घेतलेली बातमी.

हे सगळीकडे होते, पण त्याचा सर्वांत गाजलेला नमुना आपल्याच मराठवाड्यात घडला. तो नीट सांगतो, कारण नावे ऐकलेली असली तरी पुढे काय झाले ते बहुतेकांना ठाऊक नाही.

१३ ऑक्टोबर २००९ ला विधानसभेचे मतदान झाले. अशोक चव्हाण मुख्यमंत्री होते आणि नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघातून उभे होते. त्या दिवसांत मोठमोठ्या मराठी दैनिकांत त्यांच्यावर पानेच्या पाने आली. 'अशोक पर्व' हा शब्द तेव्हाचाच. 'द हिंदू'चे पत्रकार पी. साईनाथ, ज्यांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर वर्षानुवर्षे लिहिले, त्यांनी ती पाने गोळा केली आणि शेजारी शेजारी मांडली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत, मुख्यमंत्र्यांच्या तरुण आणि तडफदार नेतृत्वावरचा मजकूर शब्दाला शब्द तोच निघाला. तीन शेतकऱ्यांच्या तीन रानांत एकाच दिवशी एकाच उंचीचे, सारखीच बोंडे लागलेले झाड उगवले, तर आपण काय म्हणू? बियाणे एकाच पिशवीतले.

मग साईनाथांनी चव्हाणांचा निवडणूक खर्चाचा हिशेब काढला. त्या वेळी आपल्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला दहा लाखांची मर्यादा होती. हिशेबात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. केबल टीव्हीचा ६,००० रुपये. एकूण ११,३७९ रुपयांत प्रसिद्धी. आपल्याकडे लग्नाचा मांडवही एवढ्यात पडत नाही.

चव्हाणांचे म्हणणे असे की पेपरांनी आपल्या मनाने लिहिले, मी पैसे दिले नाहीत. पेपरांनीही पैसे घेतल्याचे नाकारले. निवडणुकीत हरलेले उमेदवार माधवराव किन्हाळकर आणि भाजपचे मुख्तार अब्बास नकवी, किरीट सोमय्या यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रारी केल्या. पहिली लढाई याच मुद्द्यावर झाली की आयोगाला हिशेबाच्या खरेखोटेपणात शिरता येते की नाही. कागद वेळेत आला, रकाने भरले, एवढेच बघायचे, की रकान्यातला आकडा खरा आहे हेही बघायचे? बाजार समितीत वजनमाप खरे आहे की नाही हे न बघता फक्त पावतीवर शिक्का आहे ना एवढे बघण्यासारखे ते झाले असते. सुप्रीम कोर्टाने ५ मे २०१४ ला सांगितले की आयोगाला आकडा खरा आहे का ते तपासण्याचा अधिकार आहे. हा निकाल आपल्या उपयोगाचा आहे, पुढे त्याच्याकडे येऊ. जुलै २०१४ मध्ये आयोगाने ठपका ठेवला की हिशेब कायद्याने सांगितलेल्या रीतीने दिलेला नाही, आणि चव्हाणांना नोटीस काढली. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला.

तेव्हा न्यायाने बोलायचे तर, चव्हाणांनी बातम्यांसाठी पैसे दिले हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. २००९ ची निवडणूक, २०१४ चा निकाल, मधली पाच वर्षे आमदारकी भोगून झाली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले, राज्यसभेत गेले. ज्या पक्षाच्या नेत्यांनी तक्रार केली होती त्याच पक्षात. म्हणून म्हणतो, हा प्रश्न अमुक पक्षाचा आणि तमुक पक्षाचा असा बघू नका. माल विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाची जात-पात बघत नाही.

उत्तर प्रदेशात एक प्रकरण शेवटपर्यंत गेले. बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी २००७ च्या निवडणुकीत दोन हिंदी पेपरांत आलेल्या अशा मजकुराचा २१,२५० रुपयांचा खर्च हिशेबात दाखवला नव्हता. ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. म्हणजे कायद्याला दात नाहीत असे नाही. चावायचे कुणाला, हा प्रश्न आहे.

पेपरवाल्यांच्या घरातली गोष्टही ऐका. प्रेस कौन्सिलने २००९ च्या या बाजाराची चौकशी करायला परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन पत्रकारांची समिती नेमली. त्यांनी २०१० साली ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात पेपरांची नावे घालून. कौन्सिलमध्ये मालक मंडळी बसलेली. त्यांनी तो अहवाल बाजूला ठेवला आणि स्वतःचा छोटा, नावे गाळलेला अहवाल काढला. ७१ पाने लोकांना बघायला मिळाली ती माहिती आयोगाने २०११ साली आदेश दिल्यावर. दुसऱ्याच्या घोटाळ्याचे कागद उघड करा म्हणून रोज अग्रलेख लिहिणारी ही मंडळी! आडत्यांची कमिटी आडतीची चौकशी करते तेव्हा काय होते हे आपल्याला नवीन नाही, पण पेपरवाल्यांकडून थोडी जास्त अपेक्षा होती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. हा अंक वाचून उद्या कुणी तालुक्याच्या वार्ताहराची कॉलर धरायला जाऊ नये. तो आपल्यातलाच असतो. दीड-दोन एकर कोरडवाहू, एक मोटारसायकल, आणि मानधन म्हणाल तर पेट्रोललाही पुरत नाही. त्याला सांगितलेले असते की पुरवणीला एवढ्या जाहिराती आण, त्यावर तुझे कमिशन. बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा माणूस एकच. ज्या पुढाऱ्याच्या कारखान्यातून, पतसंस्थेतून, शिक्षणसंस्थेतून त्याने दिवाळीची जाहिरात आणली, त्याच्याच विरुद्ध निवडणुकीत त्याने लिहावे अशी अपेक्षा कुणी करावी? निवडणुकीचा सौदा तर त्याच्या हातातच नसतो, तो वर ठरतो. मापाड्यावर राग काढून व्यापाऱ्याची लूट थांबत नाही.

लूट कुणाची होते ते बघा. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा फोटो, त्याची पदयात्रा, त्याच्या 'प्रचंड प्रतिसादा'ची बातमी. ज्याच्याकडे नाही त्याच्याविरुद्ध काही छापून येत नाही. त्याचे काहीच छापून येत नाही. शेतकऱ्याचा म्हणून उभा राहिलेला साधा उमेदवार पंधरा दिवस गावोगाव फिरतो आणि पेपरात त्याचे नाव येते ते दोनदाच: अर्ज भरल्याच्या यादीत आणि अनामत जप्त झालेल्यांच्या यादीत. मग लोक म्हणतात, माणूस बरा होता पण हवा नव्हती. हवा कुणी काढून घेतली?

आता या प्रश्नाचा असा भाग, ज्याला पैसे द्यावे लागत नाहीत, पावती नसते, कोणत्याही आयोगाला तो पकडता येत नाही. तो म्हणजे जे छापलेच जात नाही ते.

२००६ साली मुंबईत कपड्यांच्या फॅशनचा मोठा आठवडा झाला, लॅक्मे फॅशन वीक. त्या वर्षी विषय होता कापूस. साईनाथांनी लिहून ठेवले आहे की त्याच्या बातम्या देण्यासाठी ५१२ पत्रकारांची नोंद झाली होती. त्याच काळात, नागपूरपर्यंतच्या तासाभराच्या विमानप्रवासावर, तोच कापूस पिकवणारे विष घेत होते. विदर्भाबाहेरून तिकडे ठाण मांडून बसलेले पत्रकार सहा. तेव्हा मुद्दाम कुणी कट केला होता असे आम्ही म्हणत नाही. 'इंडिया'ला जे दिसते तेच छापले जाते, 'भारत' त्याला दिसत नाही, एवढेच.

निवडणुकीत हेच होते, फक्त जवळून. २०२३ चा पावसाळा आठवा. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले पाच: जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,०२० रुपये. दोनच वर्षांपूर्वी, २०२२ च्या सुरुवातीला, याच जिल्ह्यात लोकांनी दहा हजारांच्या वरचा भाव पाहिला होता, म्हणून कितीतरी घरांत कापूस पडून राहिला, अंगाला खाज सुटेपर्यंत. १३ मे २०२४ ला जालना लोकसभेचे मतदान झाले. त्याआधीचे दीड-दोन महिने निवडणुकीची पाने आठवून बघा. कोण कुणावर नाराज, कुणाची मनधरणी झाली, कोणत्या समाजाची किती मते, कोण कुणाच्या व्यासपीठावर बसला नाही. कापूस त्या पानावर होता का?

कापूस पेपरात होता, पण दुसऱ्या पानावर. शेतीच्या पानावर, बाजारभावाच्या रकान्यात. शेतीची बातमी प्रामाणिकपणे देणारे लोक आहेत, 'अॅग्रोवन'सारखे शेतीचे स्वतंत्र दैनिक २००५ पासून निघते, ते नाकारण्यात अर्थ नाही. दुखणे असे आहे की भाव शेतीच्या पानावर राहतो आणि मत राजकारणाच्या पानावर, दोघांची गाठ कधी घालून दिली जात नाही. भाव जणू पावसासारखा आभाळातून पडतो आणि निवडणूक जणू कुस्तीचा फड आहे. भाव कमी झाला कारण कुणीतरी आयात मोकळी केली, निर्यात अडवली, कुठे तरी दिल्लीत एक कागद निघाला, आणि तो कागद काढणारा माणूस परवा आपल्या गावात मत मागायला येणार आहे, हे एका बातमीत एकत्र लिहायचे नाही. आमच्या मते निवडणुकीतला सर्वांत मोठा पक्षपात हाच, आणि तो सत्ताधारी-विरोधक या दोघांच्याही सोयीचा आहे.

उदाहरण ताजेच आहे. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या हंगामात. बातमी सगळ्यांनी दिली, 'कापड उद्योगाला दिलासा' या मथळ्याखाली. मथळा खोटा नाही. पण तोच मथळा 'कापूस उत्पादकाला फटका' असाही होऊ शकला असता, तोही खोटा ठरला नसता. दोन खऱ्या मथळ्यांतला कोणता निवडायचा, तिथे बाजू ठरते.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला एकाने सोयाबीनला सहा हजार कबूल केले, दुसऱ्याने सात हजार. हमीभाव होता ४,८९२ आणि बाजारात तोही मिळत नव्हता. ही आश्वासने ठळक छापून आली. हे पैसे कुठून येणार, खरेदी कोण करणार, किती क्विंटल, बारदाना आहे का, हे विचारणारी बातमी शोधायला भिंग घ्यावे लागले. लिलावात बोली लागावी तसे आकडे छापले, आणि बोली लावणाऱ्याच्या खिशात पैसे आहेत का ते कुणी बघितले नाही.

काही मित्र म्हणतात, तुम्ही उगाच डोके फोडता, लोक कुठे पेपर वाचून मत देतात! त्यात तथ्य आहे. जून २०२४ ला टीव्हीवाल्यांनी मतदानोत्तर चाचण्यांत दिल्लीत साडेतीनशे-चारशेची भाषा केली, निघाले २९३. मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली, आणि आपल्या जालन्यात १९९९ पासूनचे खासदार रावसाहेब दानवे काँग्रेसच्या कल्याण काळेंकडून एक लाखाच्या वर मतांनी पडले. सहा महिन्यांनी याच जिल्ह्याने विधानसभेच्या पाचही जागा महायुतीला दिल्या. दोन्ही वेळा पंडित तोंडात बोट घालून बसले. मतदार पेपराच्या दावणीला बांधलेला नाही हे खरेच.

पण एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. लोकसभेला माणूस दहा ठिकाणांहून ऐकतो. जिल्हा परिषदेच्या गटात, पंचायत समितीच्या गणात, बाजार समितीच्या पॅनेलला टीव्ही येत नाही, तिथे जिल्ह्याचे एक पान आणि मोबाइलवरचे चार व्हिडिओ एवढेच असते. आणि आपला कापूस-ज्वारीचा रोजचा संबंध या लहान खुर्च्यांशी जास्त येतो. दुसरे म्हणजे, मत कुणाला द्यायचे हे लोक स्वतः ठरवत असतील, पण मत कशावर द्यायचे हे कोण ठरवते? सकाळी पारावर वाद कशावर होणार, ते पेपराने ठरवलेले असते. वाद जातीवर पेटला तर कापसावर पेटत नाही.

मोबाइलचे म्हणाल तर ते बिनटॅगच्या पिशवीचे पुढचे रूप. छापील पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता टाकावा लागतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क तसे सांगते. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओचा बाप कोण, ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसते.

आता कामाचे बोलू. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली आयोगाला आकडा तपासायचा अधिकार दिला, पण आयोगाला आपल्या तालुक्यातली पाने कोण नेऊन देणार? प्रत्येक जिल्ह्यात निवडणुकीच्या काळात माध्यम प्रमाणीकरण आणि सनियंत्रण समिती असते, जिल्हाधिकारी कार्यालयात. बातमी विकत घेतलेली आहे असा संशय आला तर तिथे तक्रार करता येते. मजकूर छापून आल्यापासून ९६ तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला नोटीस द्यायची असते, उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचे असते. पैसे दिल्याची पावती तुम्ही आणून दाखवायची नाही. बातमी विकत घेतलेली ठरली, तर त्या जागेचा सरकारी दराने होणारा जाहिरातीचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरता येतो. म्हणजे कात्रण त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पोचले पाहिजे. आठवड्याच्या बाजारला जाऊ तेव्हा देऊ म्हटले तर मुदत गेली.

दुसरे. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराने निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, आणि तो कोणालाही बघता येतो. नियम १९६१ चे आहेत, फी एक रुपया. एक रुपया! ठरलेली फी भरली की नक्कलही मिळते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, तिथली रीत वेगळी. तिचा कागद तहसीलमधून आणून बैठकीत वाचून दाखवू.

तिसरे काम मायबहिणींना विशेष सांगतो, कारण घरात पेपराची घडी शेवटी त्यांच्याच हातात येते. निवडणूक लागल्यापासून मतदानापर्यंतचा पेपर रद्दीत देऊ नका, भाकरी गुंडाळायला घेऊ नका. उमेदवाराची बातमी दिसली की दोन गोष्टी बघा. त्यात दुसऱ्या कुणाचे म्हणणे आहे का? आणि तोच मजकूर दुसऱ्या पेपरात, त्याच शब्दांत आहे का? दुसरा पेपर शेजारी येत असेल, नाहीतर टपरीवर असतोच. शब्द जुळले की दोन्ही पाने तारखेसह कापून ठेवा.

प्रत्येक तालुक्यातून दोन जणांनी ही जबाबदारी घ्यायची आहे. नावे या बैठकीतच लिहून घेऊ. ज्यांच्याकडे २०२४ च्या दोन्ही निवडणुकांतले पेपर अजून माळ्यावर शिल्लक असतील त्यांनी पुढच्या बैठकीला ते घेऊन यावे. सभागृहाच्या भिंतीला दोरी बांधू, तालुकावार पाने टांगू, आणि प्रत्येक पानावर कापूस, ज्वारी, पाणी हे शब्द किती वेळा आले ते लाल पेन्सिलीने मोजू. पेन्सिली आम्ही आणतो, पाने तुम्ही आणा.